लीजन झाले, तरी रॅट लिव्हर दाबतोच: बक्षीस-मार्गाच्या ६-ओएचडीए प्रयोगातला नेहमीचा घोळ

तक्रार साधारण अशी असते. दहा रॅटना व्हीटीएत (मध्यमेंदूतला डोपामिन पेशींचा गट) किंवा एमएफबीत (तिथून पुढे जाणाऱ्या तंतूंची जुडी) ६-ओएचडीए हे डोपामिनचे तंतू मारणारे विष देऊन लीजन, म्हणजे ठरवून केलेली इजा, केले, दहांना नुसते व्हेहिकल, म्हणजे विषाविना तेच द्रावण. तीन आठवडे थांबून, लिव्हर दाबली की बक्षीस मिळते त्या पेटीत पुन्हा सोडले, तर लीजनवाल्यांपैकी सहा पूर्वीइतकीच लिव्हर दाबतात, दोन कोपऱ्यात बसून राहतात, एकाने खाणे सोडलेले असते आणि एक शस्त्रक्रियेतच गेलेला असतो. सरासरी काढली की फरक दिसत नाही. मग "या मार्गाचा बक्षिसाशी संबंध आढळला नाही" असे वाक्य प्रबंधात जाऊन बसते. ते लिहिण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने तपासा. दोष बहुधा कुपीत, सुईत किंवा वर्तन मोजण्याच्या पद्धतीत सापडतो, आणि तो शोधायला नवे प्राणी लागत नाहीत.

एक खुलासा आधीच. इथे सगळीकडे रॅट म्हणजे रॅटच. मराठीत रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो, पण खालचे मिलिमीटर आणि मिलिग्रॅम माऊसला लावलेत तर सुई मेंदूच्या तळातून बाहेर पडेल.

लीजनचे तर्कशास्त्र

१९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांना दिसले, की सेप्टल भागात इलेक्ट्रोड बसवलेला रॅट त्या ठिकाणी करंट मिळावा म्हणून पुन्हा पुन्हा लिव्हर दाबतो. जागा सापडली, पण तिथून नेमके कोणते तंतू जातात ते कळत नव्हते. १९६४ मध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से या स्वीडिश संशोधकांनी चमक-सूक्ष्मदर्शकाने डोपामिनच्या पेशींचे गट दाखवले. त्यातला ए१० म्हणजे व्हीटीए आणि ए९ म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा. १९६८ मध्ये उंगरस्टेड यांनी ६-ओएचडीए थेट मेंदूत सोडून हे तंतू निवडून मारता येतात हे दाखवले. तेव्हापासून प्रश्न तोच आहे: हा धागा काढला, तर करंटची, अन्नाची किंवा औषधाची ओढ उरते का?

घरातली एक वायर कापली आणि दिवा गेला, तर वीज त्या वायरीतून येत होती एवढेच कळते. ती तिथेच तयार होत होती असे नाही. आणि कापताना शेजारची वायर दुखावली असेल, तर तेवढेही कळत नाही. पुढचे सगळे प्रश्न याच दोन वाक्यांतून निघतात.

आधी बघा, डोपामिन खरेच गेले का

वर्तनाचा आलेख काही काळ बाजूला ठेवा आणि मेंदू कापा. डोपामिनचे तंतू अर्धे मेले तरी रॅट जवळपास पूर्वीसारखाच वागतो. उरलेल्या पेशी जास्त डोपामिन तयार करतात, जास्त सोडतात, आणि ते परत उचलणारे टोक कमी झाल्यामुळे सोडलेले जास्त दूर पोचते. सत्तर टक्के घट झाली तरी ही भरपाई पुरते. ढोबळ हालचालींची लक्षणे आणि स्व-उद्दीपनातली (लिव्हर दाबून स्वतःच्या मेंदूत करंट घेण्यातली) ठळक घट दिसायला ऊतीतले डोपामिन ९० टक्क्यांहून जास्त उतरावे लागते. म्हणून "लीजन झाले" हे वाक्य टक्केवारीशिवाय लिहू नका.

मोजायचे दोन रस्ते आहेत आणि शक्य असेल तर दोन्ही घ्या. एक, एचपीएलसी (ऊतीतली रसायने वेगळी करून मोजण्याची पद्धत) आणि इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर: डोके काढल्याबरोबर बर्फावर अ‍ॅक्युम्बन्स (व्हीटीएचे तंतू पोचतात तो भाग), कॉडेट-पुटामेन (नायग्राचे पोचतात तो, म्हणजेच स्ट्रायटम) आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे पंच, म्हणजे छोटे गोल तुकडे, घेऊन उणे ८० अंशांवर ठेवायचे, आणि डोपामिनबरोबर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनही मोजायचे. ते का, हे पुढे येते. दोन, टीएच (डोपामिन बनवायला लागणारे एन्झाइम) रंगवणे: ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड रक्तवाहिन्यांतून सोडून परफ्यूजन, मेंदू ३० टक्के साखरेच्या द्रावणात तळाला बसेपर्यंत, मग ३० ते ४० मायक्रॉनचे काप, आणि दर सहाव्या कापात पेशी मोजणे.

टीएचमध्ये एक सापळा आहे. जखमी पेशी मरण्याआधी टीएच बनवणे थांबवू शकते. रंग गेला म्हणून पेशी गेली असे धरलेत तर फसाल. शेजारचाच काप क्रेसिल व्हायोलेटने किंवा न्यूएनने रंगवा, त्यात टीएच नसलेल्या पेशीही दिसतात. पेशी दिसताहेत पण टीएच नाही, तर ते लीजन अर्धवट आहे. वेळेचेही तसेच. अ‍ॅक्युम्बन्समधली टोके काही दिवसांत जातात, व्हीटीएतली पेशीशरीरे मागाहून. दोन आठवड्यांच्या आत कापलेला मेंदू काहीच नीट सांगत नाही. तीन आठवडे थांबा.

प्राणी जिवंत असताना अंदाज घ्यायचा तर औषधाची चाचणी असते, पण इथे पुष्कळ जण चुकीची चाचणी लावतात. एका बाजूच्या लीजनमध्ये अ‍ॅम्फेटामिन दिले की रॅट लीजनच्या बाजूला गोल फिरतो. २.५ ते ५ मिग्रॅ प्रतिकिलो दिल्यावर मिनिटाला सहा-सातपेक्षा जास्त निव्वळ फेऱ्या झाल्या, तर घट मोठी आहे असे धरतात. मात्र हे फिरणे मुख्यतः नायग्रा ते स्ट्रायटम या मार्गाचे आहे. तुमचे लक्ष्य फक्त व्हीटीए ते अ‍ॅक्युम्बन्स असेल, तर न फिरणारा रॅट हा वाईट रॅट नव्हे. उलट जोरात फिरला, तर औषध बाजूच्या नायग्रात सांडले असा अर्थ. मेसोलिंबिक, म्हणजे व्हीटीए ते अ‍ॅक्युम्बन्स मार्गाच्या, लीजनसाठी केली, सेव्हिअर आणि आयव्हर्सन यांनी १९७५ मध्ये दाखवलेली खूण वापरा: अ‍ॅक्युम्बन्समधले डोपामिन गेले की अ‍ॅम्फेटामिनने वाढणारी धावपळ बुजते, आणि डोपामिनच्या रिसेप्टरवर थेट काम करणाऱ्या अपोमॉर्फिनने ती नेहमीपेक्षा जास्त होते. ही दुसरी बाजू बघितल्याशिवाय पहिलीवर विसंबू नका, कारण नुसता आजारी रॅटही कमी धावतो. अ‍ॅम्फेटामिनचा परवाना एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली लागतो आणि तो मिळायला वेळ जातो. तो अर्ज शस्त्रक्रियेनंतर नव्हे, प्रकल्प सुरू होतानाच करायचा.

कुपी: बहुतेक घोळ इथेच होतो

घट ४०-५० टक्केच निघाली, तर सुईकडे जाण्याआधी द्रावणाकडे बघा.

पहिला प्रश्न, डोस मिठाचा लिहिलाय की बेसचा? ६-ओएचडीए बहुधा हायड्रोब्रोमाइड म्हणून मिळते. त्याचा रेणूभार सुमारे २५०, मूळ बेसचा १६९. म्हणजे कुपीतल्या ५ मिग्रॅत खरे ६-ओएचडीए ३.३८ मिग्रॅच आहे. संदर्भात "४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, बेस म्हणून" असेल, तर ही कुपी ८४५ मायक्रोलिटरमध्ये विरघळवायची. ५ मिग्रॅ पूर्ण धरून १,२५० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलीत, तर द्रावण २.७ चे झाले, आणि ३ मायक्रोलिटरमधून १२ ऐवजी जेमतेम ८ मायक्रोग्रॅम गेले. एवढ्याने पूर्ण लीजन आणि अर्धवट लीजन यातला फरक पडतो. हायड्रोक्लोराइड असेल तर रेणूभार सुमारे २०६, हिशोब वेगळा. लेबल वाचा, आणि वहीत "बेस" किंवा "मीठ" हा शब्द आकड्याशेजारीच लिहा.

दुसरा प्रश्न, कशात विरघळवले? फॉस्फेट बफरमध्ये, ७.४ पीएचला, विरघळवले असेल तर शोध इथेच थांबवा. त्या पीएचला ते हवेतल्या ऑक्सिजनने भराभर ऑक्सिडाइज होते, आणि सुईत पोचेपर्यंत निम्मे क्विनोन (ऑक्सिडाइज झालेले रूप) झालेले असते. लागते ते ०.९ टक्के सलाइन, त्यात ०.०२ टक्के अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे १० मिलीला २ मिग्रॅ. सलाइनमधून आधी काही मिनिटे नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन घालवा. अ‍ॅस्कॉर्बेट जास्त घातले तर संरक्षण जास्त, असे वाटते, पण तसे नाही. ते क्विनोनला पुन्हा पुन्हा मागे आणून पेरॉक्साइड बनवत राहते आणि सुईभोवतीची सगळीच ऊती भाजून निघते. ०.१ टक्क्याच्या वर जायचे कारण नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांनी बघायची. ताजे द्रावण रंगहीन असते, फार तर पाणचट पिवळसर. गुलाबी झलक दिसली की ते उतरणीला लागले, विटकरी झाले की ते विष राहिलेच नाही. नळी बर्फात, फॉइल गुंडाळून, आणि दर काही प्राण्यांनंतर पांढऱ्या टिश्यूवर धरून बघायची. सकाळी नऊला केलेल्या द्रावणाने दुपारी चारला सातवा रॅट केलात, तर पहिला आणि सातवा एकाच गटात नाहीत. शस्त्रक्रियेचा क्रम आणि घटीची टक्केवारी यांचा आलेख काढून बघा. रेष खाली उतरत गेलेली दिसली, तर गुन्हेगार सापडला. उपाय सोपा आहे: पूड कोरडीच छोट्या वजनांत, अंधारात, उणे २० अंशांवर ठेवा आणि दर दोन-तीन प्राण्यांना नवे द्रावण करा. हातमोजे अर्थातच.

सुई गेली कुठे

पॅक्सिनॉस आणि वॉटसन यांचा रॅटच्या मेंदूचा अ‍ॅटलास विस्टार जातीच्या नरांवर, सुमारे २९० ग्रॅम वजनाच्या प्राण्यांवर बेतलेला आहे. तुमचा स्प्राग-डॉली जातीचा रॅट ४२० ग्रॅमचा असेल, तर तेच आकडे त्याला आखूड पडतात. ब्रेग्मापासून लॅम्ब्डापर्यंतचे (कवटीचे सांधे मिळतात त्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधले) अंतर स्वतः मोजा. अ‍ॅटलासच्या प्राण्यात ते सुमारे ९ मिमी आहे. मोजमाप फार वेगळे आले, तर पुढे-मागेचा आकडा त्या प्रमाणात वाढवा किंवा घटवा, आणि त्याहून बरे म्हणजे वजनाचा पट्टा अरुंद ठेवा.

त्याआधी डोके सपाट. डोके धरणाऱ्या चौकटीतली दाताची दांडी कानाच्या रेषेच्या ३.३ मिमी खाली, ही सुरुवात समजा. शेवट ब्रेग्मा आणि लॅम्ब्डा यांच्या उंचीवर. दोन्हींच्या उंचीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक राहिला तर दांडी हलवा आणि परत मोजा. ८ मिमी खोलीवर डोक्याचा थोडा कल पुरतो, लक्ष्य अर्धा मिलिमीटर सरकते, आणि व्हीटीएची रुंदीच तेवढी आहे. डावी-उजवी उंचीही ब्रेग्माच्या दोन्ही बाजूंना २ मिमीवर बघा. कानाची दांडी एका बाजूला खोल गेली की डोके तिरके बसते, आणि मग डावे लीजन नेमके व उजवे सतत चुकलेले, असा नमुना दिसतो. दुतर्फा गटात नेहमी एकच बाजू हुकत असेल, तर दांड्या तपासा.

व्हीटीएसाठी सुरुवातीचे आकडे ब्रेग्मामागे ५.३, मध्यरेषेपासून ०.७, कवटीच्या पृष्ठापासून ८.३ मिमी. सरळ उतरलात तर सुई मध्यरेषेवरच्या मोठ्या शिरेच्या काठाने जाते, रक्त येते, आणि त्या रॅटचे काही खरे नसते. म्हणून १० अंशांनी बाहेरून आत या. हिशोब असा: ८.३ गुणिले टॅन १० म्हणजे १.४६, म्हणून भोक ०.७ अधिक १.४६, म्हणजे मध्यरेषेपासून २.१६ मिमीवर. सुईचा प्रवास ८.३ भागिले कॉस १०, म्हणजे ८.४३ मिमी. खोली कवटीपासून की ड्युरापासून (कवटीखालच्या मेंदूच्या आवरणापासून), हे संदर्भात बघून घ्या. दोहोंतला फरक साधारण मिलिमीटरचा असतो आणि तो विसरला की औषध लक्ष्याच्या वर किंवा मेंदूच्या तळाशी पडते.

पाडताना घाई नको. मिनिटाला ०.२५ ते ०.५ मायक्रोलिटर. व्हीटीएला ०.५ ते १ मायक्रोलिटर पुरे, एमएफबीला २ ते ४. व्हीटीएत २ मायक्रोलिटर सोडले की ते नायग्रात शिरते आणि मेसोलिंबिक लीजन हा शब्द वापरायचा हक्क जातो. संपल्यावर सुई पाच मिनिटे तशीच ठेवा, मग अर्धा मिलिमीटर वर घेऊन मिनिटभर थांबा. लगेच ओढलीत तर औषध मार्गातून वर कॉर्टेक्सकडे येते. उतरवण्याआधी आणि काढल्यानंतर एकेक थेंब हवेत पाडून बघायचा. काढल्यानंतर थेंब येत नसेल तर सुई आत असतानाच तुंबली होती आणि हा रॅट शॅमच (शस्त्रक्रिया होऊनही विष न मिळालेला) समजा, कागदावर काहीही लिहिले असले तरी. पंप फिरला म्हणून द्रव गेला असे होत नाही, पिस्टनमागचा हवेचा बुडबुडा मुकाट दबत राहतो.

नवीन हात असेल तर पहिले दोन रॅट फास्ट ग्रीनवर घालवा. रंग सोडा, अर्ध्या तासाने मेंदू काढा, कापा. हे दोन प्राणी वाचवण्याच्या नादात वीस वाया जातात. या प्राण्यांचाही आकडा आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या) अर्जात घालायचा असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

शेजारची वायर

आता समजा घट ९५ टक्के आहे, जागा बरोबर आहे आणि वर्तनही बदलले आहे. आनंद करण्याआधी विचारा, दुसरे काय मेले?

६-ओएचडीए पेशीत शिरते ते डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या दोहोंच्या ट्रान्सपोर्टरमधून (ती परत उचलणाऱ्या दारांतून). एमएफबीतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे तंतू जातात, त्यामुळे नुसते ६-ओएचडीए दिले की तेही जातात, आणि मग लिव्हर कमी दाबली ती ओढ गेली म्हणून की जागरूकता गेली म्हणून, हे सांगता येत नाही. तोडगा १९७१ पासून ठाऊक आहे: डेसिप्रामिन २५ मिग्रॅ प्रतिकिलो, पोटात, ६-ओएचडीएच्या ३० मिनिटे आधी. ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे दार बंद करते. नेहमीची चूक वेळेची असते. भूल, मुंडण, कवटी सपाट करणे यात पाऊण तास जातो, तेव्हा इंजेक्शन घड्याळ बघून द्या, भूल दिल्याबरोबर नव्हे. आणि ते शॅमलाही द्या, नाहीतर दोन गटांत दोन फरक होतात. खात्री हिप्पोकॅम्पसमधल्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनने करा. ते शॅमच्या जवळपास असेल तरच डोपामिनबद्दल बोला.

विजेने केलेल्या लीजनची गोष्ट यापेक्षा जुनी आणि जास्त शिकवणारी आहे. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी लॅटरल हायपोथॅलॅमस जाळला, आणि रॅटनी खाणे सोडून दिले. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये आले आणि भारतातल्या मेंदूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत गणले गेले. त्यावेळी निष्कर्ष निघाला की इथे भुकेचे केंद्र आहे. वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, उंगरस्टेड यांनी हायपोथॅलॅमसच्या पेशींना हात न लावता नुसते डोपामिनचे तंतू ६-ओएचडीएने मारले, आणि रॅटनी तसेच खाणे-पिणे सोडले. म्हणजे केंद्र जाळताना त्यातून जाणारी वायरही जळत होती. पुढे, तंतू वाचवून फक्त पेशी मारणारी आम्ले आली तेव्हा पेशींचाही काही वाटा आहे असे दिसले. दोन्ही खरे निघाले, पण ते वेगळे करायला हत्यार बदलावे लागले. आजही कोणी नुसत्या इलेक्ट्रोलिटिक लीजनवरून "हे केंद्र" म्हणत असेल, तर ही गोष्ट आठवा.

पेशी मारून तंतू वाचवायचे असतील तर आयबोटेनिक आम्ल किंवा एनएमडीए वापरतात. आयबोटेनिक फॉस्फेट बफरमध्ये, १० मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी पीएच ७.४ ला आणून. इथे बफर चालतो, ६-ओएचडीएला चालत नाही. दोन प्रोटोकॉल एकाच वहीत असले की उलटापालट होते. आणि एक खूप हुलकावणी देणारी चूक: भूल केटामिन-झायलाझिनची दिली आणि लीजन लहान निघाले. केटामिन स्वतःच एनएमडीए रिसेप्टर अडवतो. ज्या दारातून विष शिरून पेशी मारायची, ते दार तुम्हीच भूल देताना लावून घेतले. उत्तेजक आम्लाच्या लीजनसाठी केटामिन टाळा, भूल कोणती द्यायची ते पशुवैद्यांना विचारून ठरवा. ६-ओएचडीएला ही अडचण नाही, म्हणून आधीचा प्रोटोकॉल तसाच उचलला की लक्षात येत नाही.

रॅट खात नाही, वजन उतरतेय

दोन्ही बाजूंच्या मोठ्या लीजनमध्ये हे अपेक्षित आहे, अपघात नाही. पहिले दोन आठवडे रोज वजन. पाण्यात भिजवून लापशीसारखे केलेले खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी, उंच जाळीत नव्हे. गोड दूध बरेचदा चालते. तेही घेत नसेल तर नळीने पोटात. शस्त्रक्रियेच्या आधी दोन दिवस तेच मऊ खाद्य दाखवून ठेवा, नवीन पदार्थाला हे प्राणी नंतर तोंड लावत नाहीत. वजन मूळच्या २० टक्क्यांहून जास्त उतरले तर कोणता निर्णय घ्यायचा, हे आयएईसीच्या अर्जातच लिहिलेले असले पाहिजे.

बरेचदा हा त्रास टाळता येतो. प्रश्न अ‍ॅक्युम्बन्सचा असेल तर औषध अ‍ॅक्युम्बन्समध्येच सोडा, एमएफबी गाठायची गरज नाही. प्रश्न स्व-उद्दीपनाचा असेल तर एकाच बाजूचे लीजन पुरते, आणि तर्काच्या दृष्टीने ते सरसही आहे.

सगळे बरोबर, तरी लिव्हर दाबतोय

किंवा उलट: दाबत नाही, आणि तुम्ही "बक्षीस गेले" म्हणताय. दोन्हींत चूक एकच, मिनिटाला किती दाबले हा आकडा बक्षिसाचा माप धरला. तो माप पायातल्या जोराचा, सवयीचा, भुकेचा आणि बक्षिसाचा मिळून असतो.

स्व-उद्दीपनात यावर चांगला तोडगा आहे. करंट कायम ठेवून वारंवारिता बदलत जा: १४१ हर्ट्‌झपासून २८ पर्यंत, ०.०५ लॉग एककाच्या १५ पायऱ्या, पल्स ०.१ मिलिसेकंद, ट्रेन (पल्सची सलग माळ) अर्ध्या सेकंदाची. प्रत्येक पायरीला पाच सेकंद फुकटची चव (लिव्हर न दाबता करंट), मग ५० सेकंद मोजणी. आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा येतो. कमाल वेगाच्या निम्म्यावर रॅट पोचतो ती वारंवारिता टिपून ठेवा. समजा लीजनआधी ती ६० होती आणि आता ७६ झाली, कमाल वेग मात्र तेवढाच राहिला. म्हणजे आलेख ०.१ लॉगने उजवीकडे सरकला. तेवढ्याच ओढीसाठी रॅटला आधीपेक्षा चौथाईहून जास्त जादा पल्स लागताहेत. हे बक्षिसाचे. वारंवारिता ६० वरच राहिली आणि कमाल वेग मिनिटाला ९० वरून ५५ वर आला, तर ते पायांचे. दोन्ही हलले तर घाई करू नका, कारण नुसती लिव्हर जड केली तरी आलेख थोडा सरकतो. ०.१ च्या आतल्या सरकण्यावर काही उभारू नका.

दुसरी कसोटी बाजूची. इलेक्ट्रोड एका बाजूला, आणि लीजन निम्म्या प्राण्यांत त्याच बाजूला, निम्म्यांत विरुद्ध. हालचालीची अडचण दोन्हींत सारखीच असणार. घट फक्त त्याच बाजूच्या गटात टिकली, तर ती बक्षिसाची. पहिल्या आठवड्यात विरुद्ध गटही थोडा ढेपाळतो, त्यामुळे निकाल तिसऱ्या आठवड्याचा धरा. स्व-उद्दीपनाची पेटी आणि इलेक्ट्रोड आपल्याकडे दुर्मिळ नाहीत, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात या पद्धतीवर काम झालेले आहे. पहिल्यांदा करत असाल तर कोणी करताना एकदा प्रत्यक्ष बघून या.

अन्नाच्या प्रयोगात नेहमीचा गोंधळ श्रमाचा असतो. जॉन सॅलामोन यांच्या प्रयोगांची मांडणी वापरा: पेटीत पाच दाबांना एक चविष्ट गोळी, आणि शेजारी साधे खाद्य फुकट. अ‍ॅक्युम्बन्समधले डोपामिन गेलेला रॅट लिव्हर कमी दाबतो आणि साधे खाद्य जास्त खातो. भूक शाबूत, खाणे शाबूत, फक्त मेहनत करायची तयारी गेली. शेजारी फुकटचे खाद्य ठेवलेच नसते, तर तुम्ही यालाच "अन्नातला आनंद गेला" म्हटले असते. आनंदाचा तर प्रश्नच वेगळा आहे. बेरिज आणि रॉबिन्सन यांनी १९९८ मध्ये दाखवले, की डोपामिन जवळपास पूर्ण गेलेले रॅट, जे स्वतःहून खातही नाहीत, ते जिभेवर साखरेचे पाणी टाकले की ओठ चाटण्यासारख्या नेहमीच्याच खुणा दाखवतात. म्हणून "आवडणे" या शब्दासाठी चवीच्या प्रतिक्रियांचे चित्रण करा, लिव्हरची मोजणी त्याला चालत नाही.

औषधाच्या स्व-सेवनात आणखी एक फाटा. पेटिट आणि सहकाऱ्यांना १९८४ मध्ये दिसले, की अ‍ॅक्युम्बन्समध्ये ६-ओएचडीए दिल्यावर रॅट कोकेन घेणे कमी करतात, हेरॉइन मात्र घेत राहतात. त्याच रॅटना लिव्हर दाबता येते, नस चालू आहे, पेटी तीच आहे. यामुळे कोकेनची घट हालचालीवर ढकलता येत नाही, आणि हेरॉइनला दुसराही रस्ता आहे हे कळते. तुमच्याकडे लीजननंतरही दाबणे चालू असेल, तर बक्षीस कोणते होते ते आधी बघा. ओपिऑइड असेल तर दोष लीजनमध्ये नसेलही. पहिल्या दिवसाच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. बक्षीस लागेनासे झालेला रॅट सुरुवातीला जास्तच दाबतो, मिठाईचे यंत्र बंद पडल्यावर माणूस बटण बडवतो तसा, आणि मग दिवसागणिक सोडून देतो. नुसत्या बेरजेत हे दिसत नाही. सत्राचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडून, आठवडाभराचा क्रम लावून बघा.

राहता राहिले हुकलेले रॅट. कोणाला वगळायचे हे वर्तन बघण्याआधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ अ‍ॅक्युम्बन्समधली घट ९० टक्क्यांच्या खाली असेल तर, आणि काप मोजणाऱ्याला गट माहीत नसू द्या. पण वगळलेल्यांना फेकू नका. ज्यांच्यात सुई अर्धा मिलिमीटर वर किंवा पुढे गेली, शस्त्रक्रिया तीच, विष तेच, आणि वर्तन मात्र शाबूत, ते शॅमपेक्षाही चांगले कंट्रोल आहेत. प्रत्येक रॅटचे टोक अ‍ॅटलासच्या पानावर टिंब म्हणून लावा, आणि शेजारी त्याचा आलेख किती सरकला तो आकडा लिहा. पंचवीस-तीस टिंबे झाली की मार्गाची कड कागदावर उमटायला लागते.